तुवालूला जायचं असेल तर

मी मूळची वेंगुर्ल्याची. फिजीत, सुवा शहरात राहते आणि पाण्याच्या टाक्या, पंप, गाळण्या बसवून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करते. त्या कामापायी तुवालूला जाणं-येणं होतं. मग वेंगुर्ल्याहून, पुण्याहून, कधी कुणाच्या ओळखीतून फोन येतो, “तो बुडणारा देश बघायचाय, कसं जायचं?” दर वेळी तेच सांगावं लागतं, म्हणून सगळं एकदा लिहून काढतेय.

जाण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. बुडणं बघायचं म्हणून जाणार असाल तर जाऊ नका. तिथे सुमारे अकरा हजार माणसं संसार करून आहेत. त्यांच्याकडे पाहुणे म्हणून जा. समुद्र, पाऊस आणि जमिनीखालचं पाणी या तिघांशी ती रोज कसं जमवून घेतात ते समजून घेण्यासारखं आहे, आणि ते बघायला डोळ्यांना थोडी तयारी लागते. पुढचं बरंचसं त्या तयारीबद्दलच आहे.

नकाशात फिजी शोधा आणि तिथून उत्तरेला हजारेक किलोमीटर वर सरका. नऊ बेटं सहाशे-सातशे किलोमीटरच्या पट्ट्यात विखुरलेली आहेत आणि सगळ्यांची मिळून जमीन फक्त २६ चौरस किलोमीटर. सगळ्यात उंच जागा जेमतेम पाचेक मीटर. ब्रिटिशांच्या काळात ही एलिस बेटं होती, शेजारच्या गिल्बर्ट बेटांबरोबर एकाच वसाहतीत बांधलेली. गिल्बर्टचे लोक मायक्रोनेशियन, एलिसचे पॉलिनेशियन. भाषा वेगळी, रीत वेगळी. १९७४ मध्ये सार्वमत घेऊन एलिसवाल्यांनी वेगळं व्हायचं ठरवलं आणि १ ऑक्टोबर १९७८ ला तुवालू स्वतंत्र झाला. संसदेत सोळा सदस्य आहेत, राजकीय पक्ष एकही नाही. पैसा येतो तो मुख्यतः ट्यूना पकडणाऱ्या परदेशी जहाजांच्या परवान्यांतून, १९८७ मध्ये उभारलेल्या राष्ट्रीय निधीतून, परदेशी मदतीतून आणि इंटरनेटवरच्या ‘डॉट टीव्ही’ या पत्त्यातून. ती अक्षरं देशाच्या नावावरून वाट्याला आली आणि टीव्हीवाल्या कंपन्यांना हवीशी वाटली. त्या कराराच्या पैशामुळेच २००० साली संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व घेणं या देशाला परवडलं.

पोचायचं कसं

मुंबईहून सिंगापूर किंवा हाँगकाँग, तिथून फिजीचं नांदी, तिथून सुवा आणि मग तुवालूची राजधानी फुनाफुटी. ऑस्ट्रेलियावरून आलात तर विमान बदलण्यापुरताही व्हिसा काढावा लागतो, म्हणून मी सिंगापूरच सांगते. भारतीय पासपोर्टवर फिजीत चार महिने व्हिसा लागत नाही आणि तुवालूचा व्हिसा उतरल्यावर मिळतो. तरी तिकीट काढण्याआधी दोन्ही गोष्टींची ताजी खात्री करून घ्या. परतीचं तिकीट आणि राहण्याची सोय झाल्याचा कागद छापून जवळ ठेवा. फिजीच्या मुख्य बेटावर नांदी पश्चिमेला, सुवा पूर्वेला. मध्ये बसने चार-साडेचार तास लागतात किंवा छोटं विमान आहे. सुवाचा विमानतळ नौसोरीला, शहराबाहेर. तिथून आठवड्यातून काही दिवस सत्तरेक जणांचं पंख्याचं विमान फुनाफुटीला जातं. अडीच तासांचा प्रवास. खिडकीची जागा मागून घ्या. उतरताना दोन्ही बाजूंना पाणी आणि मध्ये दोरीएवढी जमीन दिसते. ती फोंगाफाले, फुनाफुटीतलं मुख्य बेट. लांबी बारा किलोमीटर, रुंदी कुठे चारशे मीटर, कुठे वीस.

मे ते ऑक्टोबर हवा त्यातल्या त्यात शांत. नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा काळ. पण उधाण बघायचं असेल तर फेब्रुवारी-मार्च. त्याबद्दल पुढे सांगते.

पिशवीत काय घालायचं

ऑस्ट्रेलियन डॉलर, रोख, लहान नोटांत. २०२५ च्या एप्रिलपर्यंत देशात एकही एटीएम नव्हतं. आता आहे, पण भारतातलं कार्ड त्यात चालेल या भरवशावर जाऊ नका. प्लग फिजी-ऑस्ट्रेलियाचा, तिरक्या चपट्या पिनांचा. डासांचं मलम हवंच, डेंगी असतो. प्रवाळावर चालायला जाड तळव्याचे बूट घ्या. अनवाणी पाय कापला तर त्या दमट हवेत जखम चिघळते. रोजची औषधं दुप्पट घ्या. खरं रुग्णालय देशात एकच, फुनाफुटीला, आणि मोठं दुखणं निघालं तर फिजीला हलवावं लागतं. विम्यात तो खर्च धरलेला आहे ना, ते वाचून घ्या.

शाकाहारी असाल तर जेवणाची सोय सुवाहूनच करून निघा. तिथे भात मिळतो, नारळ मिळतो, बाकी मासे आणि डब्यातलं मांस. भाजीपाला बराचसा बोटीने येतो, आणि बोट लांबली की दुकानाची फळी रिकामी. भारतातून डाळी-बियाणं आणू नका, फिजीच्या विमानतळावर काढून घेतील. सुवामध्ये फिजी-भारतीय दुकानदारांकडे तूरडाळ, हळद, मोहरी, पापड सगळं बंद पाकिटांत मिळतं. त्यांचे पूर्वज १८७९ पासून उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया म्हणून आले. आज बाजारात तुम्ही हिंदीत विचारा, ते त्यांच्या हिंदीत उत्तर देतील. फुनाफुटीत तैवानच्या कृषी पथकाची भाजीची बाग आहे. काकड्या, पालेभाज्या तिथे विकतात. विक्री कोणत्या दिवशी ते यजमानांना विचारा आणि उजाडता उजाडता रांग लावा.

कोकणातल्या माणसाला मात्र उपाशी राहायची भीती नाही. नीरफणस आहे, भाजून किंवा उकडून खातात. माडाची ताजी नीरा आहे, तिला कालेवे म्हणतात. सकाळ-संध्याकाळ माडावर चढून पोयीला काप देतात आणि भांडं अडकवतात, अगदी आपल्या भंडाऱ्यांसारखं. लहान मुलांनाही देतात. उकळून तिचा दाट गोड पाक करतात, आणि आंबू दिली की माडी होते.

पहिल्या संध्याकाळी धावपट्टीवर जा

सामान टाका, हात-पाय धुवा आणि ऊन उतरलं की थेट धावपट्टीवर. विमान यायच्या आधी भोंगा वाजतो, माणसं-कुत्री बाजूला होतात, विमान येतं, जातं, आणि मग ती जागा पुन्हा गावाची. एका टोकाला फुटबॉल, दुसऱ्या टोकाला व्हॉलीबॉल, मध्ये मोटरसायकल शिकणारी पोरं, कडेने चालणाऱ्या बायका. उकाड्याच्या रात्री चटई घेऊन झोपायलाही येतात, कारण वारा तिथेच लागतो. एवढी सपाट मोकळी जागा बेटावर दुसरी नाही. तुम्हीही चाला. कुणी खेळायला बोलावलं तर जा. ‘तालोफा’ म्हणा, म्हणजे नमस्कार. आभार मानायला ‘फाकाफेताई’. तुमची निम्मी ओळख त्या पहिल्या तासातच होऊन जाईल.

ही धावपट्टी १९४३ मध्ये अमेरिकी नौदलाने जपानविरुद्धच्या युद्धासाठी बांधली. भराव कुठून आणला? बेटातूनच. प्रवाळाचा थर खणून काढला, त्यासाठी नारळ तोडले, आणि युद्ध संपल्यावर खड्डे तसेच राहिले. सत्तर वर्षं त्यांत खारं पाणी आणि कचरा साचत होता, कडेने घरं उठली होती. २०१५ मध्ये न्यूझीलंडच्या मदतीने खाडीतली, म्हणजे बेटांच्या कड्याच्या आतल्या समुद्रातली, वाळू उपसून ते बुजवले. म्हाताऱ्या माणसांना विचारा, कुठला खड्डा कुठे होता ते हात दाखवून सांगतील. बेटाच्या जमिनीला पहिला मोठा घाव समुद्राने घातला नव्हता, हे त्या भटकंतीत कळतं.

पाणी

माझं काम याच्याशी, म्हणून इथे जरा थांबते.

तुवालूत नदी नाही, ओढा नाही, गोड्या पाण्याचं तळं नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे जवळपास आपल्या कोकणाइतका, पण चार महिन्यांत कोसळून न जाता वर्षभर वाटून. तो छपरावर पडतो, पन्हळीतून वाहतो आणि घराशेजारच्या टाकीत जातो. बस, हेच पाणी. कुठल्याही घरी गेलात की आधी छप्पर, मग पन्हळ, मग टाकी, या क्रमाने नजर फिरवा. पत्रा गंजला आहे का, पन्हळीत पाला अडकलाय का, टाकीच्या तोंडाला जाळी आहे का. घराची स्थिती त्यावरून समजते. माझ्या हाताखाली काम करणारी तिथली पोरं टाकीवर बोटाची पेरं ठोकत वरून खाली जातात. आवाज बदलला की पाणी तिथवर. आजीबाईसुद्धा येता-जाता तसंच ठोकतात.

पाऊस नेहमी येतोच असं नाही. ला निन्याच्या, म्हणजे पॅसिफिकचं मधलं पाणी नेहमीपेक्षा थंड असतं त्या वर्षी तो कमी होतो. २०११ मध्ये महिनोन्‌महिने नीट पाऊस झाला नाही आणि सप्टेंबरअखेर आणीबाणी जाहीर करावी लागली. फुनाफुटीत एका कुटुंबाला दिवसाला दोन बादल्या, म्हणजे ४० लिटर पाणी मिळत होतं. त्यात पिणं, रांधणं, धुणं सगळं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने विमानाने खारं पाणी गोडं करणारी यंत्रं आणली. म्हणून पाहुण्यांना माझं कळकळीचं सांगणं: नळ सोडून दात घासू नका. अर्ध्या बादलीत अंघोळ होते. पिण्याचं उकळून घ्या. आणि टाकीत पाणी किती आहे ते आपणहून विचारा. ती माणसं अदबशीर आहेत, स्वतःहून तुम्हाला कमी वापरा म्हणणार नाहीत.

दुसरं पाणी जमिनीखाली. प्रवाळाचा खडक सच्छिद्र असतो. मुरलेला पाऊस आतल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो, कारण गोडं पाणी हलकं. मध्यभागी थर जाड, किनाऱ्याकडे पातळ. आपल्याकडे समुद्राकाठच्या विहिरीला जास्त उपसा केला की पाणी मचूळ होतं, तोच प्रकार. या थरापर्यंत खड्डा खणून त्यात पुलाका लावतात. अळवाच्याच कुळातला कंद, पण पानं माणसाच्या उंचीच्या वर जातात. पालापाचोळा आणून बुंध्याशी घालत वर्षानुवर्षं जोपासायचा, आणि लग्नाकार्यात मोठा कंद काढायचा मान. पुलाकाचा खड्डा बघायचाच. परवानगी घेऊन काठावर उभे राहा आणि पानांच्या कडा बघा. पिवळ्या पडून करपल्या असतील तर खालचं पाणी खारावलंय. फुनाफुटीतले बरेच खड्डे असेच सोडून द्यावे लागले.

आता उधाण. अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती आपल्याला ठाऊक आहे. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास चंद्र पृथ्वीच्या जवळ असताना ती आली की वर्षातली सर्वात मोठी. ऑस्ट्रेलियाचं हवामान खातं फुनाफुटीचं भरतीचं कोष्टक आधीच जाहीर करतं. तिथे १९९३ पासून पाण्याची पातळी मोजणारं त्यांचं यंत्र आहे. तीन मीटरच्या वरचे दिवस निवडा. त्या वेळी किनाऱ्यावर जाऊ नका, बेटाच्या मध्यावर या, विमानतळाजवळ हवामान खात्याच्या कचेरीच्या आसपास. लाट कुठेच दिसत नाही. गवतात बुडबुडे येतात. मग एक छोटं डबकं. मग ते शेजारच्या डबक्याला मिळतं. पाणी बाहेरून आत आलेलं नसतं, खालून वर आलेलं असतं, त्याच सच्छिद्र खडकातून. बोट बुडवून जिभेला लावा, खारट लागेल. तासा-दोन तासांनी ओहोटी लागली की ते जमिनीतच परत जातं आणि माती खारी करून जातं. म्हणून किनाऱ्यावर भिंत बांधली की झालं, हा उपाय इथे पुरत नाही. जमीनच उंच करावी लागते. खाडीच्या बाजूला वाळू उपसून सात हेक्टरांहून जास्त नवी, उंच जमीन २०२३ च्या अखेरीस तयार झाली. तिच्यावर उभं राहून जुन्या जमिनीकडे बघा, फरक उघड दिसतो.

एक अभ्यास मी सगळ्यांना सांगते. ऑकलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९७१ ते २०१४ मधली हवाई आणि उपग्रहाची छायाचित्रं ताडून पाहिली, १०१ बेटं-बेटुकल्यांची. एकूण जमीन २.९ टक्क्यांनी वाढलेली निघाली. लाटा प्रवाळाचा चुरा आणून टाकतात, बेटं सरकतात, आकार बदलतात. हे ऐकून काही जण म्हणतात, मग बुडतंय कुठे? पण किनाऱ्याला वाळूची भर पडली म्हणून विहीर गोडी होत नाही आणि स्वयंपाकघरात आलेलं पाणी मागे फिरत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, दोन्ही डोक्यात ठेवून हिंडा.

बसायचं, बोलायचं, कपडे

गावाच्या सभागृहात, मानेआपात बोलावणं आलं तर चपला बाहेर काढा, मांडी घालून बसा, पाय कुणाकडे पसरू नका. बसलेल्यांच्या पुढून जायची वेळ आली तर कमरेत वाकून ‘तुलोऊ’ म्हणत जा. बेटाचे निर्णय वडीलधारे अशा जागी बसून घेतात. डोक्यावर फुलांची माळ घातली तर लगेच काढू नका. फातेले नाच सुरू झाला की लक्ष मधल्या मंडळींकडे ठेवा. ते लाकडी पेटीभोवती बसून तळव्यांनी ताल धरतात. गाणं तेच पुन्हा पुन्हा, पण दर फेरीला जलद आणि चढ्या आवाजात, शेवटी पेटी फुटेल असं वाटेपर्यंत. मग एकदम थांबतात. पुन्हा सुरू करतात. आपल्या बाल्या नाचाला सवयीचे कान असतील तर तुम्हाला तिथून उठावंसं वाटणार नाही.

बायकांनी मांड्या झाकल्या जातील असे कपडे घालावेत, पोहतानाही टी-शर्ट आणि लांब चड्डी. घरासमोर अंगणातच पूर्वजांची थडगी असतात. त्यांवर बसू नका, विचारल्याशिवाय फोटो काढू नका. रविवारी सगळं बंद. १८६१ मध्ये कूक बेटांवरचा एलेकाना नावाचा माणूस होडी भरकटून नुकुलाएलाए बेटाला लागला आणि त्याने ख्रिस्ती धर्म आणला. दोनच वर्षांनी पेरूची जहाजं तिथून आणि फुनाफुटीहून शेकडो माणसांना फसवून मजुरीला घेऊन गेली, ती बहुतेक परतलीच नाहीत. त्या बेटांच्या गाण्यांत आणि प्रार्थनेत हे अजून आहे. रविवारी सकाळी चर्चमध्ये मागे बसून गाणं ऐका. आदल्या दिवशी जेवणाचं सामान भरून ठेवा.

एक प्रश्न विचारू नका: “तुम्ही देश सोडून कधी जाणार?” ऑस्ट्रेलियाशी झालेला फालेपिली करार २०२४ मध्ये लागू झाला. दरवर्षी २८० जणांना तिथे जाऊन राहता येतं. २०२५ च्या पहिल्या सोडतीत कुटुंबीय धरून ८,७५० नावं आली, म्हणजे देशातली पाचांतली जवळजवळ चार माणसं. नाव दिलेली माणसंही घराचा पत्रा बदलत असतात, पुलाकाला पाला घालत असतात. कोकणातल्या कुठल्या घरातलं कुणी मुंबईला गेलेलं नाही? त्यांना मागे राहिलेल्या घराबद्दल विचारा, भरभरून बोलतील.

दिवस हाताशी असतील तर

खाडीच्या पश्चिमेला सहा बेटुकल्यांचं राखीव क्षेत्र आहे, ३३ चौरस किलोमीटरचं. मासेमारी बंद. होडी स्थानिक परिषदेमार्फत ठरवा. पाणी, टोपी, जेवण बरोबर घ्या, तिकडे काही मिळत नाही. गावातच आणखी एक जागा आहे, सहसा कुणी दाखवत नाही, तुम्ही विचारा: डेव्हिडचं भोक. प्रवाळबेटं बुडत जाणाऱ्या ज्वालामुखीवर वाढतात असं डार्विनने मांडलं होतं. ते तपासायला लंडनच्या रॉयल सोसायटीने १८९६ ते १८९८ अशा तीन खेपा इथे पाठवल्या. दुसऱ्या खेपेला सिडनीचे भूशास्त्रज्ञ एजवर्थ डेव्हिड होते. शेवटी ३४० मीटरपर्यंत खणलं, तरी प्रवाळ संपला नाही. खालचा ज्वालामुखीचा काळा खडक लागला तो १९५२ मध्ये, मार्शल बेटांमधल्या एनिवेटाकवर. डार्विन बरोबर होता.

बाहेरच्या बेटांना विमान नाही. सरकारी जहाज जातं, वेळापत्रक हवेवर आणि मालावर. बऱ्याच ठिकाणी धक्का नाही, जहाज प्रवाळाबाहेर थांबतं आणि लाटांचा अंदाज घेत छोट्या होडीतून उतरवतात. परत कधी येईल ते कुणी ठामपणे सांगत नाही. दोन-तीन आठवडे मोकळे नसतील तर त्या नादी लागू नका.

परतीच्या बाबतीत सावध राहा. फुनाफुटीचं विमान रद्द झालं तर पुढचं दोन-तीन दिवसांनीच, म्हणून नांदीहून निघणाऱ्या मोठ्या विमानाआधी किमान तीन दिवस राखून ठेवा. तसा दिवस मिळालाच तर टपाल तिकिटांच्या कचेरीत जा. एके काळी या तिकिटांवर देशाची चांगली कमाई होत असे. मासे, पक्षी, होड्या, सुंदर तिकिटं असतात. खिशातली तुवालूची नाणी तिथेच संपवा, सुवाचे दुकानदार ती घेत नाहीत.